ओझ्याची गाठ

"हलू नको, दाबू दे," म्हणत महिपतीने उत्तरेश्वरच्या मानेवर अंगठा रोवला आणि उत्तरेश्वरने दात आवळले.

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात सकाळची पहिली गाडी नुकतीच खाली झाली होती. टोळीतली माणसं तांदळाच्या थप्पीला टेकून चहा पीत होती आणि चहाबरोबर उत्तरेश्वरची मान बघत होती. उजव्या बाजूला, कानाच्या जरा खाली, लिंबाएवढी गाठ होती.

"ओझ्याचीच हाय," महिपतीने निकाल दिला. "मला बी आली व्हती तरणा असताना. मीठ तापवून शेक. बसंल."

महिपती टोळीचा मुकादम. वेल्ह्याकडचा माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज अजून काळाभोर. त्याने सांगितलेलं हे शास्त्र काही त्याच्या एकट्याचं नव्हतं. पोतं मानेवर जिथे टेकतं तिथे रक्त साकळतं आणि त्याची गाठ होते, असं यार्डातले हमाल बापजाद्यांपासून धरून चालले आहेत. तिला ते ओझ्याची गाठ म्हणतात. नव्या हमालाला ती आली की तो पक्का झाला असं समजतात, पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवतात. दत्तप्रसादच्या डाव्या कानाखाली वर्षभरापासून अशीच एक बोराएवढी गाठ होती आणि तो ती मेडल असल्यासारखी दाखवायचा.

"माझी शेकून शेकून बारीक झाली," दत्तप्रसाद आता म्हणाला. "तू चुना-हळद लाव. नायतर रुईचं पान बांध."

पुण्यात दोन गोष्टी फुकट मिळतात, पत्ता आणि इलाज. दोन्ही चुकीचे निघाले तरी सांगणाऱ्याचा तोरा तसूभरही कमी होत नाही. उत्तरेश्वरचं मीठ शेकून झालं होतं, चुना-हळद लावून झाली होती, रुईचं पानही बांधून झालं होतं. गाठ वाढतच होती. संध्याकाळी अंगात कणकण यायची आणि विजार कमरेवर थांबत नव्हती.

तरीही ती ओझ्याचीच असावी असं त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वाटत होतं. कारण टोळीला माहीत नसलेली एक गोष्ट त्याला माहीत होती. नऊ वर्षांपूर्वी ताप उतरेना म्हणून रक्त तपासलं, तेव्हा त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं होतं. कसा झाला, कुठून आला, हे विचारायची लोकांना भारी हौस असते. ज्यांना ती असेल त्यांनी दुसरी कथा वाचावी. झाला होता, एवढं खरं. रोज एक गोळी घ्यायची, तीही तो न चुकता घेत होता. बायकोची, इंदुबाईची तपासणी दर वेळी चांगली आली होती. आणि या नऊ वर्षांत उत्तरेश्वरच्या पाठीने टोळीतल्या कुठल्याही पाठीपेक्षा एक पोतं कमी वाहिलं नव्हतं.

गोळ्या आणायला महिन्याच्या पहिल्या सोमवारी दवाखान्यात जावं लागायचं. टोळीला काय सांगायचं? बार्शीकडचा माणूस, नाव उत्तरेश्वर, वार सोमवार. त्याने सांगून टाकलं होतं की खडकवासल्याकडच्या एका महादेवाला नवस बोललोय. टोळीने तो नवस इतका मनावर घेतला की दर महिन्याला महिपती त्याच्या हातात टोळीच्या वतीने एक नारळ ठेवू लागला. उत्तरेश्वर तो नारळ पिशवीत घालून गोळ्यांच्या रांगेत बसायचा, परत येताना दवाखान्यासमोरच्या टपरीवर फोडून घ्यायचा आणि तुकडे करून यार्डात वाटायचा. महिपती तो प्रसाद डोळ्यांना लावून खायचा. पहिल्या वर्षी उत्तरेश्वरला त्याची लाज वाटायची, मग सवय झाली.

या सोमवारी मात्र गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी त्याची मान चाचपली आणि जुन्या कागदावरचं वजन पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "सुई घालून आतलं थोडं काढावं लागेल. काचेवर पसरून बघतात. टीबी असू शकतो. कॅन्सरही असू शकतो. उद्याच जा."

उत्तरेश्वरने टोळीत एवढंच सांगितलं की उद्या सुट्टी, गाठ दाखवायचीय. आणि तिथेच फसला. कारण टोळीचा एक रिवाज होता: दवाखान्यात कुणी एकट्याने जायचं नाही. पूर्वी टोळीतला एक जण छातीत दुखतंय म्हणून एकटाच गेला आणि बाकावर बसल्या बसल्या मेला. दोन दिवस तो बेवारशांत पडून होता. तेव्हापासून आजाऱ्याबरोबर टोळीतलं एक माणूस जातं आणि त्या दिवशी त्याची हजेरी लागते.

"उद्या मी येतो," महिपती म्हणाला.

"सुईचं तर काम हाय. ल्हानसं."

"ल्हानसं तर ल्हानसं. माझं बी गुडघं बसून र्‍हातील जरा."

"मुकादम, खरंच नगं."

"आरं, तुला काय लगीन लावाय न्यायचंय का, एवढा लाजतोस?"

टोळी हसली. उत्तरेश्वरही हसला. हसण्यावाचून इलाज नव्हता.

गोळ्या मिळायच्या त्याच दवाखान्यात ते गेले, त्याचं नाव घ्यायला नको. नावं घेतली की पाट्या बदलतात, बाकं तिथेच राहतात. सुईच्या खोलीबाहेरच्या बोळात दोन बाकं होती. एक दाराला लागून, भिंतीभर लांब. त्यावर पेशंट नंबराने बसले होते. दुसरं जिन्याखाली, मोडक्या स्ट्रेचरच्या आडोशाला. त्यावर कुणीच नव्हतं.

महिपती आणि उत्तरेश्वर लांब बाकावर बसले. शेजारी एक गृहस्थ होते, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. त्यांचं नाव आप्पासाहेब, हे बसल्या बसल्या त्यांनीच सांगितलं. गळ्यापुढची गाठ दाखवायला आले होते. आप्पासाहेबांच्या पलीकडे एक तरुण मुलगी मानेभोवती ओढणी गुंडाळून मोबाइलकडे बघत बसली होती.

"तुम्हाला कुठे?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"मानंला," महिपतीने परस्पर सांगितलं. "ओझ्याची हाय. पर आजकाल सगळ्याला डाक्टर लागतो."

"बरोबर आहे. डॉक्टरांना पण कुणीतरी लागतंच की," आप्पासाहेब म्हणाले.

तेवढ्यात दार उघडून मामा बाहेर आले. दवाखान्यात वॉर्डबॉयला मामा म्हणतात. हे मामा निवृत्तीला आलेले होते आणि बोळ आपल्या मालकीचा असल्यासारखे उभे राहिले.

"एआरटीकडून कोण कोण आलंय?" त्यांनी विचारलं. "त्यांनी त्या जिन्याखालच्या बाकावर बसायचं. तुमचं सगळ्यात शेवटी घेतात."

एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र. बोळातल्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं, हे त्यांच्या मानांवरून दिसलं. सगळ्या माना एकदम इकडेतिकडे फिरल्या.

"येआरटी म्हंजी काय रं?" महिपतीने विचारलं.

उत्तरेश्वरने हातातल्या चिठ्ठीची आणखी एक घडी घातली. गप्प बसून राहिलं तर चालणार होतं. मामा काही तोंडावरून ओळखणार नव्हते. नाव पुकारेपर्यंत काहीतरी सुचलं असतं, नाहीतर "आज होत न्हाई म्हणं, उद्या या" असं सांगून महिपतीला घेऊन निघताही आलं असतं. सुई टळली असती, पण टोळी राहिली असती. नऊ वर्षं त्याने हेच केलं होतं आणि ते त्याला उत्तम जमत होतं.

आप्पासाहेबांच्या पलीकडची मुलगी उठली. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला, ओढणी सारखी केली आणि कुणाकडेही न बघता जिन्याखाली जाऊन बसली. तिच्या चालण्यात सराव होता. बाकावर माणसं खेटून बसली होती, एक म्हातारी तर भिंतीला टेकून उभी होती, तरी मुलीने मोकळी केलेली एवढीशी जागा तशीच राहिली. कुणी तिकडे सरकलं नाही. आप्पासाहेबांनी मांडीवरची पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला घेतली.

उत्तरेश्वर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. त्याला राग आला. सुरुवातीला त्याचं त्यालाच कळेना की कुणाचा. मग कळलं, की उठून गेलेल्या मुलीचा सुद्धा, आणि नऊ वर्षं महादेवाला जाणाऱ्या उत्तरेश्वरचा तर सगळ्यात जास्त. तो उभा राहिला.

"मामा," तो म्हणाला, "मी बी तितलाच हाय."

"मग तिकडे बसा की. सांगितलं ना?"

"न्हाई बसणार."

"म्हणजे?"

"मला एचआयव्ही हाय. नऊ वर्सं झाली. पण माजा नंबर हितला हाय, मी हितंच बसणार. त्या ताईचा नंबर माज्या आदी हाय. ताई, या हिकडं. तुमची जागा हितं हाय."

मुलीने मान वर केली, पण ती उठली नाही. महिपतीच्या बाजूला उत्तरेश्वरने बघितलंच नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"ओ पाहुणे, इथली पद्धत आहे ती," मामा म्हणाले. "तुमचं झालं की सगळं पुसून घ्यावं लागतं. बाकीच्यांचा विचार करायचा का नाही?"

"आणि बाकीच्यांचं झालं की पुसत न्हाई काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. मामांचा चेहरा लाल झाला.

"आम्ही यार्डात हमाल हाव," उत्तरेश्वर म्हणाला. आवाज वाढला होता आणि त्याने तो वाढू दिला. "तितं मिरचीची गाडी येती. लाल मिरची. खाली करताना डोळं जळत्यात, अंगाची लाही व्हती, दोन दिस नाकातनं पाणी. कुणालाच नगं असती ती गाडी. पण नंबर आला की ती बी खाली व्हती. मिरची हाय म्हणून मागं उबी करत न्हाई कुणी. पोत्याला नंबर हाय तुमच्या पुण्यात, आन माणसाला न्हाई?"

"हे पहा, इथे भाषणं नकोत," आप्पासाहेब म्हणाले.

"तुमी पिशवी हलवली तवा मी काय बोललो का?"

आप्पासाहेबांनी पिशवीकडे असं पाहिलं, जणू ती आपल्या पायांनी तिकडे गेली होती. मग ते दाराकडे वळून म्हणाले, "अहो मामा, नंबराने घ्या ना सगळ्यांना. मला बँकेत जायचंय. यांची क्रांती होईपर्यंत बँक बंद होईल."

आवाज ऐकून आतल्या डॉक्टर बाहेर आल्या. डॉ. शाइस्ता, तरुण, हातात मोजे, चेहऱ्यावर सकाळपासून उभं राहिल्याचा वैताग.

"काय चाललंय? काका, काय झालं?"

"शेवटी बसा म्हणत्यात."

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, काका. बसा ना."

"अर्ध्या तासाचा न्हाई, मॅडम. मी सांजपर्यंत बसंन. पण हितं बसंन."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग जिन्याखालच्या मुलीकडे, मग बाकावरच्या त्या रिकाम्या जागेकडे. तिथे त्यांची नजर थोडी थांबली.

"मामा, नंबराने पाठवा."

"मॅडम, आधीपासून असंच आहे."

"माहीत आहे. सुई प्रत्येकाला नवीनच असते, मामा, आणि टेबल मी प्रत्येकानंतर पुसते. हे आधीच म्हणायला हवं होतं मी. पाठवा." आणि त्या आत गेल्या.

मुलगी हळूहळू परत आली आणि आपल्या जागेवर बसली. तिचं नाव सुहाना आहे, हे मामांनी पुकारलं तेव्हा कळलं. उठताना ती उत्तरेश्वरला म्हणाली, "काका, माझा तर आवाजच फुटत नाही हो अशा वेळी."

"माजा बी आजच फुटला," तो म्हणाला.

मग त्याने शेजारी बघितलं. महिपती नव्हता. त्याची पिशवीही नव्हती. उत्तरेश्वरला वाटलं, झालं. इतकी वर्षं जपलेलं एका दमात खाली केलं. पश्चात्ताप होतोय का म्हणून त्याने आत शोधलं, तर तो काही सापडला नाही.

त्याचा नंबर आला. आत टेबलावर आडवं करून डॉक्टरांनी मान डावीकडे वळवली, गाठ दोन बोटांत धरली.

"आता आवंढा गिळायचा नाही. हलायचं नाही."

सुई अगदी बारीक निघाली. एवढ्याशा सुईसाठी बाहेर एवढा दंगा. ती आत गेली तेव्हा त्याने छताकडे बघितलं. डॉक्टरांनी ती आतल्या आत पुढे-मागे केली, ओढली, आणि काढून काचेच्या पट्टीवर पिवळट दाट थेंब टाकला. दुसऱ्या काचेने तो लोण्यासारखा पसरला. काही काचा बरणीतल्या पाण्यासारख्या औषधात बुडवल्या, काही तशाच वाळत ठेवल्या.

"ओझ्याची दिसती का?" त्याने विचारलं.

"कसली?"

त्याने सांगितलं. डॉक्टर कापसाने मान दाबून धरत ऐकत होत्या.

"ओझ्याने मान दुखेल, मणके जातील. गाठ नाही येत, काका. आणखी कुणाला आहे का तुमच्यात अशी?"

उत्तरेश्वरला दत्तप्रसाद आठवला, मान वळवून मेडल दाखवणारा.

"हाय एकाला."

"मग त्याला पाठवा इकडे. एचआयव्ही नसला तरी टीबी होतो."

बाहेर दवाखान्याच्या पायऱ्यांवर, चपलांच्या ढिगाशेजारी महिपती बसला होता. त्याने वर बघितलं नाही. उत्तरेश्वर एक पायरी सोडून खाली बसला. मानेवरची पट्टी ताणली जात होती.

"गेलाव न्हाई?" त्याने विचारलं.

"सोबत आलोय. सोडून कसा जाऊ?" महिपती रस्त्याकडे बघत म्हणाला. मग पिशवी मांडीवर ओढत, "खडकवासल्याचा म्हादेव कंचा?"

"न्हाई कुठला. ह्योच." त्याने मागच्या इमारतीकडे अंगठा दाखवला.

"आन नारळ?"

"त्या समोरच्या टपरीवर फोडायचो."

महिपतीने टपरीकडे पाहिलं. टपरीवाला भजी तळत होता. "नऊ वर्सं," तो म्हणाला, "नऊ वर्सं मी त्यो डोळ्याला लावून खाल्ला. माझ्या सुनंला दिस गेलं तवा तिला बी नेऊन दिला. आन तू टपरीवरचा..." त्याने पायरीवर मूठ आपटली. "रोग लपवलास त्याचं न्हाय. तू देव खोटा बोललास माझ्याशी."

"खरं बोललो असतो तर ठिवलं असतं टोळीत?"

महिपती खोटं बोलू शकला असता. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं, आणि अशा वेळेला गोड बोलायला पैसे पडत नाहीत. त्याने मिशी चाचपली, विचार केला.

"न्हाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. न्हाय ठिवला असता. उगा कशाला म्हनू?"

एक रिक्षा थांबली, तिच्यातून कुणाला तरी धरून उतरवलं.

"आता?" उत्तरेश्वरने विचारलं.

"मी कुणाला सांगनार न्हाय."

"मी सांगणार हाय, मुकादम. आज त्या बोळात वरडलो, आन उद्या टोळीत परत म्हादेव करू? आता न्हाई जमायचं."

महिपती गुडघ्यांवर हात टेकून उठला. "तुझी तू बघ. सुई दुखली का?"

"न्हाई."

"चल मग. च्या पिऊ. त्या टपरीवर नगं."

घरी इंदुबाईने सगळं ऐकलं आणि ती परातीतल्या पिठावर रागावली. ती कर्वेनगरच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. पोरंपोरी जेवायला येतात तिथे. उत्तरेश्वर बोलत होता आणि ती कणीक तिंबत होती.

"बरं केलंत," ती शेवटी म्हणाली. "आता यार्डातनं कर्वेनगरला जायला बातमीला किती येळ लागतो? माज्या हातच्या पोळ्या कोण खाईल? माजं तर रगत बी चांगलं हाय, पण ते कपाळावर लिवून फिरू का?"

बोळात ओरडताना त्याला तिच्या पोळ्या आठवल्या नव्हत्या, आणि हे त्याला आता लागलं.

"मग न्हाई सांगत," तो म्हणाला.

इंदुबाईने कणकेचा गोळा परातीत आपटला. "आता का? आजवर मीच म्हणायचे, सांगू नगा, सांगू नगा. तुमी गपचीप गोळी गिळायचा, मी गपचीप बगायचे. शेजारीण आली की डबी धान्यात लपवायचे. कटाळा आलाय मला बी." तिने हात पुसले. "सांगायचं तर सांगा. पण वाकून सांगू नगा. चोरी न्हाई केली आपण."

आठवड्याने काचांचा निकाल आला. टीबी होता, फक्त गाठीतला. छातीचा फोटो स्वच्छ निघाला. कॅन्सर नव्हता. गाठीतला टीबी दुसऱ्याला लागत नाही, सहा महिने गोळ्या घ्या, ताप पूर्ण थांबेपर्यंत ओझं उचलू नका, मग कामाला लागा, असं डॉ. शाइस्तांनी सांगितलं. उत्तरेश्वरने ते दोनदा विचारून घेतलं, कारण त्याला ते पुढे सांगायचं होतं.

ताप गेल्यावर तो यार्डात गेला आणि पहिली गाडी खाली होईपर्यंत थांबला. टोळी थप्पीला टेकून बसली, चहा आला, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. महादेवासकट. वाकला नाही.

पहिला दत्तप्रसाद उठला. "आमच्या घरी लेकरं हाईत," तो म्हणाला. "एका मग्ग्यातनं पाणी पितो आपण. तुला काय वाटलं न्हाई?"

"मग्ग्यानं होत न्हाई. घामानं होत न्हाई. हात लावल्यानं बी न्हाई. व्हायचं असतं तर नऊ वर्सांत झालं असतं. इंदूला सुदिक न्हाई झालं."

"ते तू सांगणार व्हय? तू तर म्हादेव बी सांगत व्हतास."

हे बरोबर होतं. उत्तरेश्वरने ते मान्य केलं आणि पुढे म्हणाला, "माजं सोड. तुज्या कानाखाली हाय ती ओझ्याची न्हाई, दत्ता. ओझ्यानं गाठ येत न्हाई. दाखवून ये. रिवाज हाय, सोबत मी येतो."

दत्तप्रसादचा हात आपोआप कानाखाली गेला. मग त्याला कळलं की सगळी टोळी त्या हाताकडे बघते आहे. त्याने तो झटकन खाली घेतला.

"मला तुज्यात बसवतो व्हय रं?" तो ओरडला. "तुज्यासंगं दवाखान्यात? मेलो तरी न्हाई यायचा. मुकादम, ह्यो र्‍हाणार का मी?"

टोळी महिपतीकडे बघू लागली. महिपतीने चहाचा शेवटचा घोट घेतला.

"आजपातूर ह्याच्या पाठीवर म्या पोती दिली," तो म्हणाला. "एक बी भुईला टेकलं न्हाय. मी कुणाला काढत न्हाय. ज्याला जायाचंय त्यो जाऊ शकतो."

बोलताना आवाज ठाम होता. पण नंतर पाण्याच्या पिंपाशी उत्तरेश्वरच्या हातून मग्गा घेताना महिपतीने तो विसळला, आणि मग आणखी एकदा विसळला. उत्तरेश्वरने ते पाहिलं. दत्तप्रसादने पोती ओढायचा आपला आकडा खांद्याला अडकवला आणि तो पलीकडच्या गल्लीतल्या टोळीत गेला. बाकीचे राहिले, पण महिनाभर कुणी उत्तरेश्वरच्या शेजारी बसताना आधी इकडेतिकडे बघायचं. इंदुबाईचं मेसमधलं काम गेलं. बातमी पोचली होती. तिने मेसमधल्या बायकांपुढे उभं राहून स्वतःचा रिपोर्ट दाखवायला नकार दिला, आणि पोळपाट-लाटणं घेऊन दुसरं काम शोधायला निघाली.

पुढचा पहिला सोमवार आला. उत्तरेश्वर पिशवी घेऊन निघाला तर महिपती गाळ्याच्या तोंडाशी उभा होता. हातात नारळ.

"आता कशाला?" उत्तरेश्वर म्हणाला. "म्हादेव न्हाई तिथं. तुमाला म्हाईत हाय."

"मला काय म्हाईत हाय आन काय न्हाय, ते तू नगं सांगू," महिपतीने नारळ त्याच्या पिशवीत टाकला. "जिथं जातोस तिथं फोड. टपरीवर नगं. पायरीवर फोड."

त्याने पायरीवर फोडला. चौकीदार धावत आला, "ओ, हे काय देऊळ आहे का?" असं ओरडला. उत्तरेश्वरने त्याच्याही हातावर एक तुकडा ठेवला.

दुपारी यार्डात त्याने थप्पीवर कागद पसरला आणि खोबरं मांडलं, माणशी एक तुकडा, तुकडे पूर्वीइतकेच. टोळी जरा थबकली. मग महिपतीने एक तुकडा उचलला. डोळ्यांना लावायला हात वर गेला, मध्येच थांबला, आणि तरीही त्याने तो लावला. मग एकेक हात पुढे आले. खोबरं चावायचा आवाज येऊ लागला.

पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी दत्तप्रसाद बसला होता. कानाला रुमाल बांधलेला. त्याने या कागदाकडे पाहिलं, आणि आपलं काम नाही अशी मान फिरवली.

कागदावर एक तुकडा राहिला. टोळीतल्या कुणीच त्याला हात लावला नाही. तो कुणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी लागली. ट्रकचं मागचं फळकं खाली पडलं, धूळ उडाली. मिरचीची होती. खोकत खोकत माणसं तोंडाला पंचे बांधू लागली.

"ठेव त्याच्यासाठनं," महिपती त्या तुकड्याकडे बघत म्हणाला.

"ठिवला व्हता," उत्तरेश्वर म्हणाला. "गाडी आली आता."

त्याने तुकडा उचलून तोंडात टाकला, कराकरा चावला, आणि फळक्यापाशी जाऊन पाठ वाकवली. नेहमी उजवीकडून, गाठीच्या अंगाने पोतं देणारा महिपती आज वळसा घालून डावीकडे आला.